मयतांच्या यादीत फादर आर्सेनी

फादर आर्सेनींनी स्वतःचं नाव मेलेल्यांच्या यादीत वाचलं, ते ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासकाळातल्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, भरल्या चर्चमध्ये आणि चांगल्या खणखणीत आवाजात.

त्या काळातले काही शनिवार मयतांसाठी राखलेले असतात. लोक आपापल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून आणतात आणि फादर ती मोठ्यानं वाचून प्रार्थना करतात. चिठ्ठीच्या डोक्यावर काळा क्रॉस असला तर नावं मेलेल्यांची, लाल असला तर जिवंतांची. आडनाव लिहायचं नाही, फक्त बाप्तिस्म्याचं नाव; जिवंत माणूस आजारी किंवा प्रवासात असला तर तेवढं नावाआधी लिहायचं. मेणबत्त्यांच्या टेबलामागे फाइनामावशी बसते, ती डाव्या परडीत लाल ठेवते आणि उजव्या परडीत काळ्या. गेली बावीस वर्षं ती असंच ठेवत आली आहे आणि त्या दिवशीही तिनं तसंच ठेवलं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिची समजूत काढायला कोण जाणार?

चूक फादरांची होती. मयतांची प्रार्थना सुरू झाली आणि त्यांनी डाव्या परडीत हात घातला.

आता यात त्यांचा दोष किती, हेही बघायला हवं. किरगीझ मुलखातल्या मोठ्या सरोवराच्या दक्षिण काठावर नव्वद किलोमीटरच्या आत फादर म्हणून हा एकच माणूस. एकोणचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरे केस आलेला, पायाला भिंगरी लागलेला. त्या आठवड्यात त्यांनी दोन म्हाताऱ्यांना पुरलं होतं, एका नव्या मिनीबसवर पवित्र पाणी शिंपडलं होतं, एका सुनेचं आणि सासूचं भांडण तीन वेळा मिटवलं होतं, चर्चच्या शेगडीची चिमणी स्वतः छपरावर चढून साफ केली होती, आणि एका बाईच्या आग्रहाखातर तिच्या कपडे धुण्याच्या यंत्राला आशीर्वाद दिला होता, कारण ते शॉक देत होतं. यंत्र तरीही शॉक देत राहिलं आणि बाई म्हणाली की फादरांची श्रद्धा कमी पडली.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. फादर आर्सेनींना ऐकू येईनासं झालं होतं. कान ठीक होते. पापकबुलीला माणूस समोर येई, मान झुकवे, फादर गळ्यातला लांब पट्टा त्याच्या डोक्यावर टाकत, आणि माणूस बोलू लागला की शब्द नळाच्या पाण्यासारखे नुसते वाहून जात. ‘देव क्षमा करो,’ असं ते शेवटी म्हणत, पण कशाची क्षमा ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे. शुक्रवारी एकतीस माणसं झाली. मिनीबसवाला झोसिमा तर बाहेर येऊन त्यांचा हात धरून म्हणाला, “फादर, तुम्ही सांगितलंत तसंच करतो. आजच तिला फोन करतो.” कुणाला फोन, कशाबद्दल, फादरांना काही पत्ता नव्हता.

म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ईस्टर कसंबसं पार पाडायचं आणि मग वस्त्रं उतरवायची. आपल्या पंथात फादर संसारी असतात; बायकोच्या भावाचा सुतारखाना होता, तिथं रंधा मारायचा. लाकूड आपली पापं सांगत नाही. गावाचं काय होईल हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. ते येण्याआधी चार वर्षं चर्चला कुलूप होतं आणि म्हातारी माणसं फाइनामावशीच्या बेसूर गाण्यावर एकमेकांना पुरत होती. तरीही ठरलं ते ठरलं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तर, शनिवारी त्यांनी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि “हे प्रभो, तुझ्या दिवंगत सेवकांच्या आत्म्यांना विश्रांती दे,” म्हणत वाचायला लागले. अन्ना, प्योत्र, पुन्हा अन्ना. अशी नावं दोन्ही परड्यांत ढिगानं असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते म्हणाले, “प्रवासी झोसिमा.” फाइनामावशीनं मान वर केली. मेलेला माणूस प्रवासाला कसा निघाला? मग फादर म्हणाले, “आजारी एव्हलाम्पिया.”

अख्ख्या जिल्ह्यात एव्हलाम्पिया एकच. वय चौऱ्याऐंशी, आजार गुडघ्यांचा, आणि ती पहिल्याच रांगेत, खांबाला टेकून उभी होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याकडे जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. शेजारणीचं वाटोळं करायचं असेल तर जुन्या काळच्या बाया मुद्दाम तशी चिठ्ठी टाकत, असं म्हणतात. एव्हलाम्पियानं छातीवर तीनदा क्रॉस केला आणि फादर पुढं वाचतच होते, “पुरोहित आर्सेनी…”

“फादर!” एव्हलाम्पिया ओरडली. “मी जिवंत आहे हो! आणि तुम्हीसुद्धा!”

फादर थांबले. हातातल्या चिठ्ठीकडे त्यांनी पाहिलं. लाल क्रॉस. अक्षर त्यांच्या बायकोचं. ती दर आठवड्याला नवऱ्याच्या तब्येतीसाठी चिठ्ठी टाकायची. त्यांनी गठ्ठा उलटला. सगळे लाल. अकरा चिठ्ठ्यांतली जिवंत माणसं त्यांनी धडाधड मारून टाकली होती.

आणि फादरांना हसू फुटलं. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना आवरेचना. ते वेदीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गायकांत उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, उल्यानानं, ते पाठीवरून ओळखलं. तिनं ताबडतोब सगळ्यात लांबलचक भजन सुरू केलं आणि ते दोनदा म्हणायला लावलं. तोवर फादर सावरले, उजव्या परडीतल्या काळ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि खऱ्या मयतांना वाचून मोकळे झाले.

दुपारी एव्हलाम्पिया काठी आपटत फादरांच्या घरी आली. उल्याना दारात आडवी आली.

“आजी, ते आत्ताच टेकलेत. सोमवारी बोललात तर—”

“सोमवारपर्यंत मी असेन याची खात्री काय? तुझ्या नवऱ्यानं माझं तिकीट काढलंय!”

आतून फादरांनीच हाक मारली. ते टेबलाशी बसले होते, समोर बटाट्याचं सूप गार होऊन गेलं होतं. एव्हलाम्पिया बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि तोफखाना सुरू झाला. चाळीस दिवस रोज तिच्या आयुष्यासाठी प्रार्थना झाली पाहिजे. ती पण मोठ्यानं. आणि विभागप्रमुख फादर पाव्हलीनना ती कळवणार म्हणजे कळवणार, मग काय व्हायचं ते होवो.

“होईल, आजी. चाळीस काय, ऐंशी दिवस करतो,” फादर म्हणाले. “माझं चुकलं. माफ करा.”

इतक्या सहज माफी मागितल्यावर भांडायला मजा येत नाही. एव्हलाम्पियानं जरा आवाज खाली आणला.

“रात्री झोप तरी कशी लागायची मला? तुम्हाला नाही का भीती वाटत? तुमचं पण नाव वाचलंत की!”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

फादर सुपाकडे बघत होते. “भीती नाही वाटली. नाव वाचलं, आपलंच आहे हेही कळलं. आणि आजी, बरं वाटलं मला. सुटला बिचारा एकदाचा, असं वाटलं.”

दारात उभ्या उल्यानानं चौकट धरली. नवरा थकलाय हे तिला दिसत होतं, कुणाला दिसत नव्हतं? पण हे तिला ठाऊक नव्हतं.

एव्हलाम्पियानं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “माझा नवरा असंच बोलला होता. खाणीतून घरी आला, याच महिन्यात, आणि म्हणाला, मेलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, जेवून घे. आणि मी गेले की कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.” तिनं काठीची मूठ पुसली. “पुढचं मी कुणाला सांगत नाही.”

ती उठली. आता ती वेगळीच बाई झाली होती.

“उद्या रविवार. उद्याची उपासना तेवढी उरका, मग तुम्ही मेलात. बुधवार सकाळपर्यंत.”

“आजी?”

“नाव वाचलंय ना? ज्याचं नाव मयतांत वाचलं, त्याला तीन दिवस कुणी कामाला लावायचं नाही.”

“असा नियम कुठं आहे?” उल्यानानं विचारलं.

“आता आहे. फोन आण इकडे. त्यांचा.”

आणि फादरांचा फोन एव्हलाम्पियाच्या कोटाच्या खिशात गेला. मग उल्यानानं स्वतःच एक फोन केला, फादर पाव्हलीनना, काराकोल शहरात. परसात जाऊन केला, म्हणजे नवऱ्याला ऐकू जायला नको.

रविवारी दुपारपासून फादरांच्या फाटकात एव्हलाम्पिया स्टूल टाकून बसली. अंगावर दोन कोट, डोक्यावर शाल, मांडीवर काठी. मार्चमध्ये सरोवरावरून येणारं वारं हाडांत शिरतं, पण म्हातारी हलली नाही. दर थोड्या वेळानं कुणीतरी येई.

“फादर आहेत का? विहिरीला आशीर्वाद हवा होता.”

“फादर वारले.”

“काय?!”

“बुधवारी उठतील. विहीर कुठं पळतेय का?”

सासू-सून जोडीनं आल्या. त्यांना तिनं स्टुलाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि अर्ध्या तासात असं काही झापलं की दोघी एकमेकींचा हात धरून गेल्या. म्हातारीविरुद्ध त्यांची एकी झाली होती. कपड्याच्या यंत्रवालीला तिनं विजेच्या माणसाकडे धाडलं. इतके दिवस हे कुणाला सुचलं नव्हतं.

फादर मात्र अठरा तास झोपले. सोमवारी सकाळी उठले, भरपूर खाल्लं आणि पुन्हा झोपले. दुपारी परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसवलं, बायकोबरोबर किनाऱ्यापर्यंत चालून आले. ती काही विचारत नव्हती, नुसता हात धरून चालत होती. परत येताना मात्र तिनं विचारलं, “सोडायचा विचार आहे ना तुझा?”

“कुणी सांगितलं?”

“भावानं. तू त्याला रंध्याची किंमत विचारलीस म्हणे. अरे, चोरी तरी नीट करावी माणसानं.”

“ईस्टर झालं की,” फादर म्हणाले. “रागावलीस?”

“लपवलंस त्याबद्दल, हो. चांगलीच. सोडायचं तर सोड. पण असा मेलेला सोडू नकोस, जिवंत होऊन सोड.”

मंगळवारी मात्र सगळं बिनसलं. झोप पुरी झाली आणि मन खायला उठलं. बाहेर कुणीतरी आजारी असेल, कुणीतरी वाट बघत असेल आणि आपण इथं खुराडी दुरुस्त करतोय! त्यांनी हळूच मागच्या बाजूनं कुंपणावर पाय टाकला.

“मयत!” फाटकातून एव्हलाम्पिया गरजली. “आत!”

फादर आत गेले.

तेवढ्यात शेजारच्या बुरुल आपा रडत रडत आल्या. त्या किरगीझ, फादर आणि त्या वीस पावलांवर राहतात, पण बातमी त्यांना बाजारातून फिरून पोचली होती. मयताच्या नावानं तेलात तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, बोरसोकांची, परातभर रास कडेवर घेऊनच त्या आल्या. “इतका तरुण माणूस! आमच्या मौलवींपेक्षा गोड बोलायचा!” असं म्हणत त्या फाटकातून आत शिरल्या आणि बघतात तो फादर खिडकीत उभे. आपांनी किंचाळून परात फाटकाशीच जमिनीवर टेकवली. सगळं कळल्यावर त्यांनी एव्हलाम्पियाला चार शब्द सुनावले, पण परात परत नेली नाही. मयताच्या नावानं तळलेलं परत नेत नाहीत.

त्या परातीजवळच फादर पाव्हलीनची जुनी गाडी येऊन थांबली. ते साठीचे, आडव्या अंगाचे, नव्वद किलोमीटर खड्ड्यांतून आल्यामुळे कंबर धरून उतरले.

“फादर वारले,” एव्हलाम्पिया म्हणाली. “उद्या या.”

“आजी, मी पाव्हलीन. काराकोलचा.”

“बिशप का असेनात तुम्ही. उद्या सकाळी.”

“मी त्याची कबुली ऐकायला आलोय.”

म्हातारी विचारात पडली. नियम तिनंच केला होता, पण कबुलीला मेलेला माणूससुद्धा अडवता येत नाही. “मग आधी नाही का सांगायचं?” ती बाजूला सरकत म्हणाली. “हे घ्या, खा. तेलातलेच आहेत. उपवासाला दूध चालत नाही, तेव्हा ते घातलंय की नाही हे आपांना विचारू नका, म्हणजे पाप लागणार नाही.”

पाव्हलीननी दोन खाल्ले, चार खिशात टाकले आणि आत गेले.

कबुली चर्चमध्ये झाली. शेगडी पेटलेली नव्हती, दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. फादर आर्सेनींनी शेवटची कबुली दिली त्याला दहा महिने झाले होते. फादरला स्वतःची कबुली दुसऱ्या फादरकडेच द्यावी लागते आणि दुसरा फादर नव्वद किलोमीटरवर. जायला दिवस मोडतो, म्हणून पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात करत ते राहूनच गेलं होतं. त्यांनी मान झुकवली, पाव्हलीनचा पट्टा डोक्यावर आला, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. शब्द वाहून जातात ते. झोसिमाला काय सल्ला दिला ते आठवत नाही ते. स्वतःचं नाव वाचून बरं वाटलं ते. ईस्टरनंतर सोडणार तेही. आणि शेवटी, सगळ्यात हळू आवाजात, “मला माणसं आवडेनाशी झालीत, फादर. पूर्वी फार आवडायची.”

पाव्हलीननी पट्ट्याचं टोक नीट केलं.

“सल्ला देत नाही,” ते मग म्हणाले. “सल्ला दिला तर तू हो म्हणशील आणि उद्या छपरावर चढशील. प्रायश्चित्त देतो. रविवारी दुपारपासून मंगळवार सकाळपर्यंत तू कुणाचा फादर नाहीस, दर आठवड्याला. फोन त्या म्हातारीकडे. मरणाऱ्या माणसासाठी तेवढी ती तुला उठवेल. मोडलंस तर आळस मोडला असं समजायचं नाही, पाप केलंस असं समजायचं आणि माझ्याकडे येऊन तोंड दाखवायचं.”

“आणि सोडायचं?”

“ते ईस्टरनंतर विचार. झोप झालेल्या डोक्यानं विचार म्हणजे झालं. आणखी एक. काराकोलला एक डॉक्टरीण आहे, मनाची. गुरुवारी जायचंय.”

“मी?”

“तू आणि मी. दोघांची नावं नोंदवलीत मी. माझी गाडी आहे, येतो न्यायला.”

फादर आर्सेनींनी मान वर केली. पाव्हलीन क्षमेची प्रार्थना म्हणत होते, ती संपली. आता दिवे मालवून घरी जायचं, उल्यानानं कोबीचं सूप केलं असेल, असा विचार आर्सेनींच्या मनात आला. त्यांना चक्क भूक लागली होती.

पण पाव्हलीन गेले नाहीत. त्यांनी आपला पट्टा काढून घडी करून ठेवला आणि भिंतीला हात टेकत, कण्हत कुथत, आर्सेनी मघाशी होते त्या जागी गुडघे टेकले.

“तुला काय वाटलं, नव्वद किलोमीटर मी फक्त तुझ्यासाठी आलो?” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “या विभागात अकरा फादर आहेत. सगळे माझ्याकडे येतात. मी कुणाकडे जायचं? सतरा महिने झाले, आर्सेनी. चल, घाल तुझा पट्टा.”

हा माणूस आर्सेनींचा गुरू, दाढी छातीपर्यंत पांढरी. त्याची कबुली आणि आपण ऐकणार? आणि समजा, पुन्हा तसंच झालं, हेही शब्द वाहून गेले तर? इतर कुणाशी झालं ते झालं, पण याच्याशी तसं झालं तर ईस्टरपर्यंत थांबण्यातही अर्थ नव्हता. त्यांनी पट्टा गळ्यात घातला. पट्ट्याचं टोक त्यांनी त्या पांढऱ्या डोक्यावर टाकलं.

पाव्हलीन बोलायला लागले. आधी वरवरचं, उपवासात खाल्लेली माशाची तुकडी, बिशपवरचा राग. मग आवाज घोगरा झाला. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोबद्दल ते काहीतरी म्हणाले, मध्येच थांबले, आणि पुढचं वाक्य इतक्या झटकन बोलून मोकळे झाले, जणू ते निसटून गेलं तरी चालेल.

ते निसटलं नाही. आर्सेनी खाली वाकले होते, आपण केव्हा वाकलो ते त्यांना कळलंही नव्हतं. त्यांनी त्या थकलेल्या डोक्यावर हात ठेवला.

“थांबा,” ते म्हणाले. “हे शेवटचं पुन्हा सांगा. हळू सांगा. मला ऐकायचंय.”